दमून दिलेला होकार

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की कॉलेजात ग्रीकांचं तत्त्वज्ञान शिकलेल्या आजीला पुढे त्याचा काही उपयोग झाला का. फोनवर एवढं बोलणं आताशा माझ्याच्याने होत नाही, म्हणून लिहिते. उपयोग एकदाच करून पाहिला. गेल्या आषाढात, रोह्यासमोरच्या अष्टमी गावात, माझ्या धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरात.

आपला गणपती तिच्याकडे बसतो, पाच दिवस. मूर्ती पेणहून येते आणि त्यासाठी घरचा पाट आधी पेणच्या कारखान्यात नेऊन द्यावा लागतो. त्याच पाटावर मूर्ती घडते. पाट पोचला की पुढचं सगळं ठरल्यासारखं. गेल्या वर्षी आषाढ संपत आला तरी पाट फडताळावरच होता. मी रोह्याहून पूल ओलांडून गेले, तर ही गुडघ्यांना तेल चोळत बसलेली. मुलगा कंपनीत, त्याच्या शिफ्टा; सून नोकरीला. पाच दिवसांचा नैवेद्य, येणारे-जाणारे, सगळं या गुडघ्यांवर.

"वहिनी, दीड दिवसाचा करावा म्हणते. पण घरात काही झालं, तर? तुम्ही थोरल्या. तुम्ही सांगा, मी करते."

मला एका शब्दात सांगता आलं असतं. पण नुसतं थोरलेपणावर हुकूम सोडणं मला कधी रुचलं नाही. अथेन्समधला तो म्हातारा आठवला. तो उत्तर देत नसे, विचारत असे. धैर्य म्हणजे काय? भक्ती म्हणजे काय? समोरचा व्याख्या करी, हा एक उदाहरण काढून ती मोडी. मग नवी व्याख्या, नवं उदाहरण. अखेर समोरच्याला कळे, की जे आपल्याला माहीत आहे असं वाटत होतं ते माहीत नाही. शहाणपण तिथून सुरू होतं, असं त्याचं म्हणणं.

"रीत म्हणजे काय गो?" मी विचारलं.

"रीत म्हणजे रीत. मोठ्यांनी घालून दिलेली."

"मोठ्यांनी ती कधी बदलली नाही?"

"नाय."

"सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा गणपती किती दिवसांचा होता?"

ती चोळता चोळता थांबली. "दहा. मामंजी गेल्यावर त्यांनी पाच केला."

"मग त्यांनी रीत मोडली?"

"नाय. करायला माणसंच उरली नव्हती."

"म्हणजे करणाऱ्याला झेपेल ती रीत?"

"तसं कसं? उद्या कोणी म्हणेल, मला हात जोडणं पण झेपत नाय!"

माझीच व्याख्या तिने मोडली. मला हुरूप आला. मी तिला सांगितलं, की त्या म्हाताऱ्याची आई सुईण होती. तो म्हणे, मीही तेच करतो, विचार ज्याचा त्याच्या पोटात असतो, मी फक्त सुटका करतो.

"पण कळा कोणाला येतायत ते बघा की," ती म्हणाली. "सुईण बसलीय खुर्चीवर, आरामात."

मी हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. मग आणखी एक. तिची उत्तरं आखूड होत गेली. "व्हय." "बरोबर." "व्हय, वहिनी." शेवटी दीड दिवसाने रीत मोडत नाही, इथवर आम्ही पोचलो.

"पटलं?"

"पटलं," म्हणाली, आणि ओट्याला धरून चहा ओतायला उठली. पाटाकडे तिने पाहिलंही नाही.

त्या जुन्या संवादांतही समोरचा माणूस पानोपानी "खरं आहे" म्हणत असतो. तो पटून म्हणतो की दमून, ते कुठे लिहिलेलं नाही. कॉलेजात मला ही शंका कधी आली नव्हती.

"पटलंय तर पाट काढ ना."

"तुम्ही कुठे सांगितलंत?"

"तूच म्हणालीस की आत्ता."

"मी म्हणाले. तुम्ही नाय."

तिला युक्तिवाद नको होता. काही बरंवाईट झालंच, तर दोष एकटीच्या माथी नको होता. आणि मी तासभर प्रश्न विचारून तो पुन्हापुन्हा तिच्याच माथी ठेवत होते. मीही थकले होते.

"दीड दिवस," मी म्हणाले. "मी सांगते. काही झालं तर माझ्यावर."

तिने डोळ्यांना पदर लावला. "असं आधी बोलला असतात, तर चहा तरी गरम मिळाला असता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाट घेऊन पेणला गेलो. कारखान्यात ओल्या मातीचा वास, पंख्याखाली वाळत ठेवलेले हात आणि सोंडा. मूर्तिकाराने पाट पाहून विचारलं, "नेहमीचीच ना?" मूर्तीची उंची आपल्या घरात सासूबाईंच्या आधीपासून तीच आहे. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"नाय," जाऊ म्हणाली. "यंदापासून वीतभर कमी करा. आसनावर मलाच उचलून ठेवायची असते."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"काय बघताय? हे मी तुम्हाला विचारणार नाय."

विचारण्यासारखे प्रश्न माझ्याकडे होते, पण उभं राहून पाय भरून आले होते. तिथल्या पालथ्या बादलीवर मी टेकले. ती पुढे वाकून, हाताची वीत पाटावर टेकवून मूर्तिकाराला उंची दाखवत होती.