भंगारात गेलेली गाडी

रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही सहा-सात जण आपापल्या जुन्या गाड्या घेऊन अलिबागच्या किनाऱ्याजवळ जमायचो. तिथून एकामागे एक आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंत जायचं, पुलाअलीकडच्या टपरीवर चहा-भजी खायची, बॉनेट उघडून एकमेकांची इंजिनं बघायची आणि दिवेलागणीला घरी परतायचं. नवऱ्याच्या शेजारी बसून येणाऱ्या बायका असत, पण स्टेअरिंगवर बसणारी बाई मी एकटीच. माझी गाडी म्हणजे क्रीम रंगाची पद्मिनी, माझ्या नवऱ्याची.

तो गेला तेव्हा गाडी सहा महिने पोर्चमध्ये धूळ खात उभी होती. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. एक दिवस ज्याच्या गॅरेजमध्ये ती दुरुस्तीला जायची तो मालक स्वतः घरी आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "विकू नको, बाय. चालव." मला चालवता येत नव्हती. त्याने शिकवली. दोन महिने रोज सकाळी चोंढीच्या रस्त्यावर माझ्या शेजारी बसून, एकदाही आवाज न चढवता. मला भाऊ नाही. त्या दिवाळीला मी त्याला ओवाळलं, आणि तेव्हापासून तो माझा दादा. या रविवारच्या मंडळींत मला त्यानेच आणलं.

गाड्यांचं वेड मात्र माझ्याकडे त्याच्याही आधीपासूनचं. माझ्या वडिलांची तळा तालुक्यातल्या आमच्या गावात भाड्याची अँबेसेडर होती. काळी, स्टेअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली जुनी. लग्नाची वऱ्हाडं तिच्यातून जायची आणि अडलेल्या बाळंतिणीही. रात्री-अपरात्री कोणी हाक मारली की बाबा शर्टाची बटणं लावत लावत गाडी काढायचे. काचबिंदूने त्यांची नजर गेली तेव्हा ती गाडी महाडकडच्या एका माणसाने नेली, पुढे त्यानेही कुणाला तरी दिली. बाबा आता अलिबागला माझ्याकडे असतात. ऐंशी ओलांडली आहे. दिसत काहीच नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय दुखतंय ते अजून सांगतात.

तीनेक वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या त्या टपरीवर मी दादाला ही सगळी हकीकत सांगितली. गाडीच्या जुन्या आरसी बुकाची झेरॉक्स माझ्याकडे होती, ती त्याच्या हातात दिली. म्हटलं, "विकत मिळाली नाही तरी चालेल. बाबांना एकदा तिच्यात बसवायचंय."

त्याने कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. "शोधतो, बाय. जमिनीतनं उकरून काढीन."

चार महिन्यांनी तो घरी आला. चहा घेतला नाही. मान खाली घालून म्हणाला, "उशीर झाला गं. मागच्या वर्षीच तोडली. भंगारात गेली. एवढंच हाती लागलं." आणि पिशवीतून त्याने हॉर्नची रिंग काढली, स्टेअरिंगवर असते ती, क्रोम उडालेली. मी ती बाबांच्या हातात दिली आणि आत जाऊन रडले. बाहेर आले तर बाबा रिंगेवरून बोटं फिरवत होते.

"ही आपली न्हाय," ते म्हणाले. "आपलीला डाव्या अंगाला चीर व्हती."

"बाबा, किती वर्षं झाली. विसरला असाल."

"चीर कशी इसरंन?"

दादा रिकाम्या पिशवीची घडी घालत होता. मी बाबांवर जरा वैतागलेच. एवढी धावपळ करणारा माणूस समोर बसलाय आणि हे असं बोलतात, म्हणून मला ओशाळल्यासारखं झालं. तो निघाला तेव्हा गेटपर्यंत जाऊन मी त्याची माफी मागितली. "म्हातारपण आहे, दादा, मनावर घेऊ नकोस."

"छे गं," तो म्हणाला.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. मधल्या दोन्ही दिवाळ्यांना मी त्याला ओवाळलं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. त्या रविवारी दादाचा सकाळीच निरोप आला, मी येईपर्यंत कोणी निघू नका, एक गंमत आहे. आम्ही किनाऱ्याशी थांबलो. निवृत्त डॉक्टर होते, त्यांची छोटी लाल हेरल्ड गाडी घेऊन. रो-रो बोटीतून आपली काँटेसा घेऊन शनिवार-रविवार इकडे येणारं मुंबईचं एक जोडपं होतं. न्हावा शेवा बंदरात काम करणारा जीपवाला होता. भरती होती, वारा छान सुटला होता. साडेपाचच्या सुमाराला कोपऱ्यावरून एक गर्द मरून अँबेसेडर वळून आली. क्रोम असं चकाकत होतं की पोरंटोरं बाजूने पळत येत होती. आत दादा, पांढरा इस्तरीचा शर्ट घालून.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे मला सांगितलंच पाहिजे. मी तिला ओळखलं नाही. रंग वेगळा, सीटा नव्या, टायर नवे. मी फोटोसुद्धा काढले.

"कुठली रे?" मी विचारलं.

"पुण्याची. एका गोडाऊनमध्ये पडून होती." त्याने माझ्याकडे न बघता काच पुसली.

आम्ही निघालो. तो पुढे आणि त्याच्या मागे मी. नागावच्या वाड्यांतून जाताना रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी सुपाऱ्या, आणि त्या बोळकंडीत तिच्या इंजिनाचा आवाज घुमत होता. मी काच खाली केली. बाबा बरोबर असते तर, असं मनात आलं. दादाला सांगून एकदा त्यांना हिच्यात फिरवून आणावं, निदान तशीच गाडी तरी, असा बेतही मी चौल येईपर्यंत केला.

टपरीवर चहा आला. मुंबईचे गृहस्थ गाडीत डोकावत होते. दादाने मागचं दार उघडलं. "बस बाय, बसून बघ."

मी मागे बसले. सीट मऊ होती, नव्या रेक्झिनचा वास येत होता. डोकं मागे टेकलं आणि डाव्या दाराच्या वर, छताच्या कडेला, मला एक पितळी आकडा दिसला. घासून सोन्यासारखा केलेला.

"हे कशाला हो?" मुंबईच्या गृहस्थांनी विचारलं.

"जुन्या मालकाने कोट अडकवायला लावला असेल," दादा म्हणाला. "काढणार होतो, पण पितळ एवढं झकास निघालं की पॉलिश करून तसाच ठेवला."

तो आकडा माझ्या वडिलांनी मोडक्या स्टोव्हच्या पायापासून तळा गावच्या तांबटाकडून वाकवून आणला होता. दोन स्क्रू, एक मोठा आणि एक बारीक. दोन्ही तिथेच होते. मी सातवीत असताना आईला जुलाब-उलट्यांनी अर्धमेली करून टाकलं होतं, तेव्हा तिला या गाडीतून माणगावला नेताना त्या आकड्याला सलाईनची बाटली टांगली होती आणि ती हलू नये म्हणून मी सगळा रस्ता ती दोन्ही हातांनी धरून बसले होते. आई वाचली. दादाला मी गाडीबद्दल खूप सांगितलं होतं, पण या आकड्याचं सांगायचं राहिलं होतं.

"तो सलाईनचा आहे," मी म्हटलं.

गृहस्थ हसले. दादा हसला नाही.

मी बाहेर आले. दाराला धरून उभी राहिले. "दादा, ही गाडी कुठून आणलीस?"

"सांगितलं ना, पुणं..."

"खरं सांग."

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. त्या एका नजरेने मला जे कळलं ते तोपर्यंत मनातही आलं नव्हतं. डॉक्टर कपात बघत होते. जीपवाला उगाच टायरवर पाय मारत होता. मुंबईच्या बाई नवऱ्याचा हात ओढून त्याला बाजूला नेत होत्या. नंतर कळलं, एवढे दिवस दादाच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये ती उभी होती, आणि हे सगळे तिथे जात-येत होते. रंग कोणता द्यायचा, यावर म्हणे चर्चा झाल्या होत्या. मी दर रविवारी यांच्याबरोबर याच बाकावर बसून चहा पीत होते.

"डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तो तुम्हाला सांगेल," ते म्हणाले. "त्याने सांगावं असं मी म्हणत होतो."

दादा पुढे आला. "बाय, बाजूला चल, बोलू."

"इथेच बोल."

"ती महाडला नव्हतीच. तळा गावाच्या अलीकडे एका गोठ्यात होती. चाकं नव्हती, वर कडबा रचलेला." त्याने बॉनेटवरून हात फिरवला. "चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्या उभ्या करतोय. असा गिअरवाला पीस मला कधी मिळाला नव्हता. एक माझी म्हणून करावी असं वाटलं. तुला सांगितलं असतं तर तू मागितली असतीस. आणि मला तुला 'नाही' म्हणता आलं नसतं."

"म्हणून ती मेली असं सांगितलंस?"

त्याने बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"मी गाडी मागितलीच नव्हती, दादा. बाबांना एकदा बसवायचं म्हणाले होते. फक्त एकदा."

"आता बसवू की. उद्याच आणतो."

"आणि ती रिंग कुठली होती?"

"दुसऱ्या गाडीची," तो म्हणाला. पुटपुटलाच.

मी शिव्या दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या, असं पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. मी पद्मिनी सुरू केली. ती पहिल्या चावीला सुरू झाली, कारण तिचा कार्बोरेटर त्यानेच आदल्या आठवड्यात साफ करून दिला होता. या गोष्टीचाही मला त्या क्षणी संताप आला. चौलच्या वळणावर डोळ्यांना काही दिसेना म्हणून गाडी बाजूला घेऊन थांबले. मागून कोणी आलं नाही.

घरी बाबा ओट्यावर बसले होते. "आलीस? दार जोरात लावलंस गाडीचं."

मी त्यांच्याजवळ बसले. गाडी सापडली, एवढंच सांगितलं. कुणाकडे, कशी, ते नाही.

त्यांनी कान माझ्याकडे केला. मग विचारलं, "चालती का?"

"चालते."

"आवाज?"

"चांगला आहे, बाबा."

"मंग झालं तर." आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

दादाचे फोन येत होते, मी घेत नव्हते. पण सोमवारी सकाळी बाबांनी धुतलेला शर्ट मागितला आणि तो घालून ओट्यावर बसले. मंगळवारीही. बुधवारी मी फोन लावला आणि म्हटलं, "संध्याकाळी चारला ये." त्याने काही बोलायच्या आत ठेवून दिला.

तो आला. बाबांना मी हाताला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी आधी गिअरचा दांडा धरला, मग स्टेअरिंग चाचपलं, आणि रिंगेवर डावीकडे त्यांचं बोट थांबलं. क्रोम नवं चढवलं होतं, पण चीर होती.

"बघ," ते म्हणाले. "मी म्हनलं व्हतं का न्हाय?"

"हो, बाबा. माझं चुकलं."

"कवा गावली रं ही तुला?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, आणि मला वाटतं, त्याने त्या वेळी खरं सांगितलं असतं. पण बाबांचा चेहरा मी कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता. "आताच, बाबा," मीच म्हणाले. "आठवडा झाला."

"तुजे लई उपकार हायेत, बाला," बाबा त्याला म्हणाले आणि चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथून निघून आत गेले.

रविवारी मी आता जात नाही. डॉक्टर एकदा घरी येऊन गेले. म्हणाले, आमचं सगळ्यांचं चुकलं, पण तुम्ही या, तुमच्याशिवाय मजा नाही. मी त्यांना सरबत दिलं, नाही म्हटलं. दादाने गाडी माझ्या नावावर करून देतो असा निरोप पाठवला, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. गाडी हवी होती, पण ती द्यायची वेळ तेव्हा होती, आता नाही. दिवाळी आली नि गेली. मी ओवाळायला गेले नाही, तोही आला नाही.

मात्र महिन्यातून एकदा तो बाबांना फिरवायला येतो. हे मी थांबवू शकले नाही. हॉर्न वाजला की मी बाबांना गेटपर्यंत नेते, दार उघडून बसवते आणि मागे फिरते. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, आणि बाबांना ते दिसत नाही. मागच्या खेपेला परत आल्यावर ते खूश होते. आक्षीच्या पुलापर्यंत जाऊन आले होते, वाटेत शहाळं प्यायले होते.

"गुनाचा हाय गं," ते म्हणाले. "पन आजकाल घरात येत न्हाय. चाय घ्यायला का बोलवत न्हाईस त्याला?"

"बोलावते की," मी म्हटलं. "त्याला घाई असते."

मग मी त्यांच्या पायांतल्या चपला काढल्या आणि त्यांना आत घेऊन गेले.