मांडवाने उचललेला धोंडा

गेल्या उन्हाळ्यात मी एकवीरा आईवर रुसले होते. संध्याकाळी दिवा लावायचे, पण तिच्या तसबिरीकडे मान वर करून बघायचे नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात देव बोलावले आणि माझ्यावरच ही वेळ यावी, हे मला पटत नव्हतं. मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागते. ती सुपात तांदूळ आणि दिवा घेऊन धवले गाते, एकेका देवाला नावानं हाक मारते, आणि मांडवातल्या बाया तिची प्रत्येक ओळ तिच्यामागून दोनदा म्हणतात. खालापूरच्या आसपास कितीतरी संसार माझ्या गळ्यातून सुरू झाले आहेत, हे मी थोड्या गर्वानंच सांगते.

त्याच गळ्याला आता श्वास पुरेना. काही वर्षांपूर्वी मला छातीचा कॅन्सर झाला होता. तेव्हा उजवं स्तन काढावं लागलं, आणि त्या जागी डॉक्टरांनी सिलिकॉनची पिशवी बसवली, इम्प्लांट म्हणतात तिला. तो खर्च एका धर्मादाय ट्रस्टनं केला होता. ब्लाउज पूर्वीसारखा बसला, गावात कुणाला कळलं नाही, मी खूश. घरात माझ्या नवऱ्याखेरीज कुणाला त्या पिशवीचा पत्ता नव्हता. पण अलीकडे तिच्याभोवतीची जागा आकसत गेली आणि ती दगडासारखी कडक झाली. हात वर केला की कळ यायची, लांब ओळ घेतली की छाती आवळायची. डॉक्टर म्हणाले, काढायलाच हवी. सरकारी योजनेकडे गेलो तर खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की हे सौंदर्याच्या कामात मोडतं, यात बसत नाही. मला वाटलं त्याला विचारावं, बाबा रे, या वयात मी काय सिनेमात जाणार आहे? ट्रस्टनेही यावेळी हात वर केले.

उरला आमचा टेंपो. माझे यजमान टोलनाक्याच्या बाजूनं भाजीपाला, फर्निचर, जे मिळेल ते भाडं मारतात. सगळं घर त्या चार चाकांवर. त्यांनी मला न विचारता टेंपो विकायला काढला. कर्जतचं कुणी गिऱ्हाईक फोनवर ठरलं, गावातल्या एका लग्नाची हळद झाली की बघायला येणार होतं. मी खूप भांडले. टेंपो गेला तर खायचं काय, म्हटलं. ते चाकाला टेकून बसले होते, वर न बघताच म्हणाले, "टेंपो परत घेता येतो गं. तू कुठल्या शोरूमात मिळणार हायस?" मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले आणि आईवरचा राग आणखी वाढवला.

आणि मग ती हळद आली. आमच्याच गावातली मुलगी, सुप्रिया. तिच्या आईच्या लग्नातही आमच्याच घरचे धवले झाले होते, तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं. सकाळच्या उन्हात मांडव नुसता झळकत होता. माझ्या जोडीला नेहमीप्रमाणे जनाकाकी होती, माझ्याहून थोरली धवलारीण, जिनं मला मांडवात उभं राहायला शिकवलं. बायांची दाटी झाली. मागच्या ओळीत एक अनोळखी बाई डोक्यावर ओढणी घेऊन बसली होती. नवरीच्या साड्या जिच्या कर्जतच्या दुकानातून घेतल्या ती नजमाभाभी, आग्रहाचं बोलावणं होतं म्हणून आली आहे, एवढं मला सुप्रियाच्या आईनं सांगितलं. तिला धवल्यातलं काही कळत नव्हतं, पण सगळ्यांच्या मागून ती हौसेनं ओळी म्हणत होती.

गावदेव आले, कुळाचे पूर्वज आले, आता एकवीरा आईला बोलवायचं होतं. ओळ हजार वेळा गायलेली: ये गं आई मांडवाला, नवरीच्या कपाळी कुंकू लाव. मी सूप वर उचललं आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधार झाला. पहिला अर्धा भाग निघाला, आणि दुसरा कुठून आला ते आईलाच ठाऊक. मी मोठ्यानं गायले, "ये गं आई मांडवाला, माझ्या छातीचा धोंडा काढ."

आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायांनी ती ओळ उचलली. एकदा नाही, दोनदा. सगळा मांडव तालात म्हणाला, माझ्या छातीचा धोंडा काढ. दुसऱ्यांदा म्हणताना निम्म्या जणींच्या लक्षात आलं आणि आवाज विरत गेला. शेवटी एकटी नजमाभाभी तेवढी म्हणत राहिली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. भर मांडवात, नवरीच्या नावानं बोलावलेल्या देवीकडे धवलारणीनं स्वतःसाठी मागावं, ही केवढी चूक. सुप्रियाच्या आईचा चेहरा उतरला. मी ओळ बदलून पुन्हा घ्यायला गेले, तर जनाकाकीनं माझा हात धरला. ती म्हणाली, "दिवा लावून मागितलंस. मांडवानं म्हटलं पन. आता मागं घ्याला येत नाय. धोंडा कसला, ते सांग."

मग मला सांगावं लागलं. इतकी वर्षं जे पदराखाली ठेवलं ते मी रडत रडत सगळ्या बायांपुढे सांगितलं, कॅन्सर, पिशवी, योजनेची खिडकी, टेंपो, सगळं. मग सुप्रियाची मावशी शांतपणे म्हणाली, "तरीच. आमचं सगलं खाली उतरलं नि हिचं कसं जाग्यावर, म्हनून आमी आपल्या जलत होतो." आणि मांडवात असं हसू फुटलं की मीही रडता रडता हसायला लागले, आणि हसताना दुखत होतं म्हणून पुन्हा रडायला लागले. मनावरचं निम्मं ओझं तिथंच उतरलं असेल.

आमच्यात धवलारणीच्या सुपात ओवाळणी टाकायची रीत आहे. ती शेवटी टाकतात आणि सोयीप्रमाणे टाकतात. त्या दिवशी जनाकाकीनं सूप तिथंच खाली ठेवायला लावलं. धवल्यात मागितलं ते आधी मांडवानं उचलायचं, उरेल ते आई बघेल, असं ती म्हणाली. पहिला हात हळदीला बसलेल्या नवरीचा आला. मग तिच्या आईचा. मग कुणी कमरेचा बटवा सोडला, कुणी नवऱ्याला हाक मारून मांडवाबाहेरून खिसा रिकामा करून घेतला. दिवा विझेल म्हणून जनाकाकीला तो उचलून हातात धरावा लागला. नंतर मी तीच ओळ पुन्हा घेतली, यावेळी नवरीच्या कपाळाचं कुंकू घातलं, आणि बायांनी ती अशी गायली की मांडवाचं कापड हलल्यासारखं वाटलं.

सूप भरलं तरी ऑपरेशनचा खर्च भागण्यासारखा नव्हता. साध्या घरच्या बाया, देऊन देऊन किती देणार? टेंपो जाणारच होता. पण माझा रुसवा गेला होता. त्या संध्याकाळी मी तसबिरीकडे बघितलं आणि म्हटलं, आई, माझ्या तोंडून तू बोलून घेतलंस, आता टेंपो ठेव नाहीतर ने, तुझी मर्जी. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा सगळं तिच्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी कर्जतचं गिऱ्हाईक आलं. यजमान टेंपो धुऊन उभे होते, मी चहा टाकत होते. अंगणात मोटारसायकल थांबली, पुढे एक गृहस्थ, आणि मागून उतरली ती नजमाभाभी. मला बघून ती जागच्या जागी थांबली. मीही. टेंपो घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे तिचा नवरा होता, दुकानाच्या मालासाठी त्यांना गाडी हवी होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्ता लिहितानाही येतो.

यजमान त्यांना इंजिन दाखवायला लागले, तर भाभी पुढे झाली. ती म्हणाली, "आमी गाडी नेनार नाय. काल मी पन म्हटलं ना, धोंडा काढ म्हनून. सगल्यात शेवटी मीच म्हनत होते. मंग आज यांचा टेंपो नेऊन दुसरा धोंडा कसा ठेवू?"

तिचे मिस्टर आधी गोंधळले. भाभीनं त्यांना आंब्याखाली नेलं, सगळी हकीकत सांगितली. परत आले ते वेगळाच सौदा घेऊन. गाडी आमचीच राहील, चालवतील माझे यजमान, दुकानाचा माल वर्षभर तेच आणतील, आणि त्या भाड्यातलं बरंचसं ते आधीच देतील. यजमानांनी टेंपोच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि पाठ वळवून डोळे पुसले. चहा उतू गेला तो गेलाच. गूळ घालून पुन्हा केला, आणि तसा गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

सुपातले आणि भाड्याचे पैसे मिळून खर्च भागला, आणि ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, मला ती बघायची आहे. नर्सनं भांड्यात आणून दाखवली. एवढीशी वस्तू, मुठीत मावेल. हिच्यासाठी सगळा मांडव हलला होता. आता माझी छाती एका बाजूनं सपाट आहे, ब्लाउज वाकडा बसतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. श्वास मात्र पोटापर्यंत जातो.

मी चमत्कार वगैरे म्हणत नाही. जाणत्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. मला एवढंच कळलं की मी देवीला जन्मभर दुसऱ्यांच्या दारात बोलावत राहिले आणि स्वतःसाठी मागायची लाज धरून बसले. ती लाज म्हणजे भक्ती, असा माझा समज होता. आईनं ती लाजच आधी काढली, पिशवी नंतर.

तुळशीचं लग्न झालं आणि माझा पहिला मांडव आला. सूप वर उचललं, हात थेट डोक्यावर गेला, कळ नाही. गावदेव बोलावले, पूर्वज बोलावले, आईला बोलावलं. देवांनंतर आम्ही मानाची घरं बोलावतो, पिढ्यानपिढ्या तीच नावं. त्यांच्या शेवटी मी एक नवी ओळ घातली: "ये गं भाभी मांडवाला, कर्जतचा मान तुझा." जनाकाकीनं माझ्याकडे बघून मान हलवली. बायांनी ओळ उचलली, रीतीप्रमाणे दोनदा. मागच्या ओळीत नजमाभाभी बसली होती. तिनंही सगळ्यांच्या मागून हौसेनं ती ओळ दोनदा म्हटली, आणि मग आपण कुणाला बोलावलं ते ध्यानात येऊन ओढणीत तोंड लपवलं.