मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत, फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे आपोआप साठतात. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक चहाला बसलो की हल्ली त्या दिवसांचे निघतात, मास्क ऐच्छिक झाला तेव्हाचे. सुरुवात हसण्यानं होते, पण फार वेळ हसवत नाही.

आमची शाळा कळंबजवळच्या खेड्यातली. मेसेज आला तसा मोठ्या गुरुजींनी परिपाठाला वाचून दाखवला: उद्यापासून मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तिसरीतल्या एकीनं विचारलं, "गुरुजी, मंग लावायचा का न्हाय?"

"तुझी मर्जी."

"व्हय, पण करायचं काय?"

शाळेत मर्जी विचारायची आम्हालाच सवय नव्हती, पोरांना कुठून असणार!

*

दुसरीचा वर्ग माझ्याकडे. ही पोरं शाळेत आली तीच तोंड झाकून. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत समोरचे दात पडलेला एक पोरगा दिसला. म्हटलं, "कोण रे तू? नवा आलास?"

वर्ग खिदळला. "सर, म्या विशाल."

ज्याला रोज कविता म्हणायला उभा करायचो, तोच विशाल. दात पडून गेले तरी मला पत्ता नाही. मी हसलो, पण मनाला लागलं.

*

त्याच दिवशी एक आजी फाटकाशी येऊन मोठ्या गुरुजींवर कडाडली. "मास्क काढा म्हणालात व्हय? रोग गेला म्हणून कोण सांगून गेलं?"

"आजी, वरून हुकूम आलाय."

"रोग बी वरूनच आला व्हता."

आजीचा थोरला लेक साथीत गेला होता. गुरुजींनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी पायरीवर बसले.

*

चौथीच्या शिंदे बाईंनी मात्र मास्क काढला नाही. मी थट्टेनं म्हणालो, "बाई, आता तरी आमच्यात बसून चहा घ्या."

त्या म्हणाल्या, "आईचं डायलिसिस चालू आहे, सर. साधी सर्दीसुद्धा घरात नेऊ नका म्हणालेत डॉक्टर." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

*

बाईंच्या वर्गात आरती होती. तिला ऐकू कमी येतं, समोरच्याचे ओठ बघून ती समजून घेते. मास्क आले तशी ती मागं पडत गेली, शुद्धलेखनाचं पान कोरंच राहायचं. बाईंना एकीकडे आई, एकीकडे ही पोर.

आत पोरं आता उघड्या तोंडानं बसायची, म्हणून शुद्धलेखनाच्या तासाला बाई वर्गाबाहेर जायच्या. मास्क हनुवटीवर घेऊन, खिडकीच्या गजांपलीकडून आरतीकडे बघत एकेक वाक्य सांगायच्या. आरती आत खिडकीला खेटून बसायची आणि लिहायची. पण खिडकीबाहेर सावली नाही, आणि ऊन आपल्याकडचं. एक दिवस बाईंना चक्कर आली. मोठे गुरुजी म्हणाले, "बाई, बास करा आता."

दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाचा तास लागला तशा बाई पुन्हा बाहेर निघाल्या. आरतीनं दारात त्यांचा हात धरला आणि त्यांना फळ्यापाशी आणून उभं केलं.

बाईंनी वर्गाकडे बघितलं. एकूण एक पोरगं मास्क लावून बसलेलं.

आरतीनंही आपला मास्क नाकावर ओढला आणि म्हणाली, "बाई, आमी लावलाय. आता तुमी काढा."