ढोपराचा उपवास

आमच्याकडे ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की सगळ्यात आधी वैतागायची ती घिवलीची मावशी. ही आमची मासळीवाली. कोळीण, हिंदू, पण उपवास सुरू होतो तो राखेचा बुधवार कधी येतो ते तिला फादरांच्या आधी ठाऊक. बेटेगावच्या आमच्या चाळीत टोपली उतरवायची आणि कमरेवर हात ठेवून ओरडायची, "झाला काय तुमचा उपास सुरू? मंग आता चाळीस दिस मी काय माश्या मारू?"

तिचा राग माझ्या सासूबाईंवर असायचा. बाकीचे ख्रिस्ती लोक उपवासकाळात मटण-कोंबडी सोडतात. सासूबाई मासळीसुद्धा सोडायच्या. वसईकडच्या त्या, जन्म मासळीवर काढलेला. म्हणायच्या, "मटण नाय म्हनून पापलेट खायचं, ह्याला काय उपास म्हनतात? ती तर चैन झाली!" त्यामुळे आमच्या घरात चाळीस दिवस ओली नाही, सुकी नाही, वांग्यात चिमूटभर जवळासुद्धा नाही. वर रोज संध्याकाळी उघड्या लादीवर ढोपरं टेकून जपमाळ. मी नवी होते तेव्हा एकदा खाली चटई ओढली, तर म्हणाल्या, "देवाला भेटायला आलीस का झोपायला?" आता आमच्या फ्लॅटमध्ये जपमाळ मोबाइलवर लागते आणि आम्ही सोफ्यावर बसून म्हणतो. खरं सांगते, त्या गार लादीची फार आठवण येते.

मी पालघरची. माहेरी उपवास होता, पण सैलसर. माझ्या बाबांना धर्मशिक्षणातलं बाकी काही आठवत नसे, पण रविवार उपवासात धरत नाहीत, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत मोजून बघा, रविवार वगळले तरच चाळीस भरतात. म्हणून दर रविवारी आमच्याकडे कोंबडीचं कालवण. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हा हिशेब सासूबाईंपुढे मांडला. त्या म्हणाल्या, "मोजायला बसलीस म्हंजे सोडलंस कुठं?" मी दोन दिवस भांडी आपटत होते.

लग्नाला सात वर्षं झाली आणि ते ढोपराचं प्रकरण घडलं. माझा नवरा बोईसरला एका कारखान्यात ऑपरेटर होता. भरलेला ड्रम घसरून त्याच्या उजव्या ढोपरावर आला. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं. प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाकेचना, नुसतं दांडकं! व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "रोज पन्नास वेळा वाकवायचा. रडला, ओरडला तरी वाकवायचा. सहा आठवड्यांत काटकोनात आला तर शिडी चढेल, कामावर जाईल. नाही तर पाय जन्मभर असाच." पस्तिशीचा माणूस. त्याचं सगळं काम शिडीवरचं.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. चर्चमधून कपाळावर राख घेऊन सासूबाई घरी आल्या आणि मला विचारलं, "किती येळा सांगितलंय?"

"पन्नास."

"म्हंजे एक जपमाळ," त्या म्हणाल्या आणि पाट ओढून त्याच्यासमोर बसल्या.

तो खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून. त्यांच्या एका हातात माळ, दुसरा हात त्याच्या नडगीवर. एक मणी, एक प्रार्थना, आणि ती संपेपर्यंत पाय मागे रेटून धरायचा. मग सोडायचा. मग पुढचा मणी. पहिल्या दहा मण्यांतच तो असा ओरडला की शेजारचा बिहारी भैया धावत आला. "माँजी, रहने दो, कल कर लेना." सासूबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. "कल तक पाय थांबेगा काय?" म्हणाल्या आणि पुढचा मणी ओढला.

मी स्वयंपाकघरात जाऊन कानात बोटं घालायची. लपवत नाही, त्या दिवसांत मला त्या बाईचा तिरस्कार वाटायचा. ही आई आहे की कसाई? पोटचा पोर विव्हळतोय आणि हिचा आवाज जराही हलत नाही! एकदा न राहवून मी बाहेर आले आणि म्हटलं, "अहो आई, दगड आहात काय?" त्या म्हणाल्या, "तिसावा मनी चाललाय. मधी बोलू नको." मग त्या रात्री मी जेवलेच नाही, आणि मी जेवले नाही हे कोणी विचारलंही नाही.

रविवारी सासूबाई चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जायच्या आणि तिथून उमरोळीला लेकीकडे, ते थेट संध्याकाळी परत. जाताना सांगायच्या, "आज तू कर." पहिल्या रविवारी मी पाटावर बसले, माळ घेतली, नडगीवर हात ठेवला. तिसऱ्या मण्याला नवरा म्हणाला, "आज नको गं. एक दिवस." त्याचा चेहरा असा झाला होता की मी नडगीवरचा हात काढला. आणि मला बाबांचा हिशेब आठवला. रविवार धरत नाहीत ना! मग झालं तर! मी माळ खुंटीला अडकवली, मावशीकडून ओले बोंबील घेतले, खिडक्या लावून तळले. आम्ही दोघं किती दिवसांनी हसलो. पाय दिवसभर उशीवर आरामात. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मावशी तेवढी खूश होती.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी पाय मोजला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आधीच्यापेक्षा कमी वाकत होता. "मध्ये सुट्टी घेता का?" त्यांनी विचारलं. "फक्त रविवारी," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "एक दिवस सोडता, दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पायावर जोर लावता, मग सूज येते आणि पुढचे दोन दिवस फुकट जातात. ईस्टरपर्यंत काटकोन झाला नाही, तर भूल देऊन जोराने वाकवावा लागेल. त्यातही खात्री नाही."

मी दया म्हणून जे केलं होतं, त्याने माझ्याच नवऱ्याचा पाय जात होता. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, बोंबलांसकट. मला वाटलं, आता ह्या मला उभी चिरतील. चिरलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "रविवार मान्सांसाठी असतो गं. ढोपराला रविवार कळत नाय." एवढंच. मग पाट ओढला. पण ह्या वेळी मला म्हणाल्या, "तू मागं बस. त्याचे खांदे धर. आता पळायचं नाय."

त्या दिवसापासून सकाळी एक माळ आणि संध्याकाळी एक. उमरोळी बंद. मी खाटेवर त्याच्या पाठीशी बसायची. तो ओरडला की त्याची पाठ माझ्या छातीवर थरथरायची. पहिले काही दिवस मीच त्याच्यापेक्षा जास्त रडले. मग हळूहळू एक गोष्ट समजली. पन्नास मणी एकदम सोसता येत नाहीत, कोणालाच नाही. एक मात्र सोसता येतो. तो झाला की पुढचा. धर्मशिक्षणात मला कोणी हे असं शिकवलं नव्हतं, की शिकवलं असेल आणि मी खिडकीबाहेर बघत असेन. पुढे आयुष्यात जे जे आलं, बाबांचं आजारपण, माझं स्वतःचं ऑपरेशन, ते मी त्याच रीतीने काढलं.

ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार गेला. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी डॉक्टरबाईंनी पाय मोजला, परत मोजला आणि हसल्या. काटकोन! वर दोन अंश जास्तच. घरी येताना नवरा चाळीच्या तीन पायऱ्या एकटा चढला. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी तर नाचायचीच बाकी होते. त्यांना म्हटलं, "आई, तुमची प्रार्थना पावली हो!"

त्या खाटेवर मटकन बसल्या. "कसली प्रार्थना?" म्हणाल्या. "मी एक दिवस प्रार्थना केली नाय."

मी म्हटलं, "अहो, रोज माळ म्हणत होता ना!"

"तोंड म्हनत व्हतं. आतून मी देवाला शिव्या घालत व्हते. माझ्याच हातानं माझ्या पोराला ओरडायला लावतोस, म्हनून. मनापासून त्याचं नाव घेतलं असतं ना, तर माझा हात सैल पडला असता. म्हनून घेतलंच नाय. नुसते मनी मोजले." पदराने तोंड झाकून त्या म्हणाल्या, "आता उद्या पवित्र गुरुवार, देवासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी कुठे केली होती प्रार्थना? मी तर सुरुवातीचे आठवडे ह्यांनाच शिव्या दिल्या होत्या.

नवरा भिंतीला धरून त्यांच्याजवळ आला आणि खाली बसला, आपलं आपण, पाय वाकवून. "आई," तो म्हणाला, "मी करत होतो की. दर मण्याला. मी काय नुसताच ओरडत होतो असं वाटलं तुला?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग वाकून त्याच्या त्या ढोपराला दोन्ही हातांनी कवटाळलं, त्यावर कपाळ टेकलं आणि ढसाढसा रडल्या. सात वर्षांत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

"आई, दुखतंय गं," तो म्हणाला.

आणि ह्या वेळी त्यांनी चटकन हात काढून घेतले.