वादळाच्या गाण्यातले गोविंदकाका

मंडळी, आज चिंचणीला भाचीच्या हळदीत बायकांनी वादळाचं गाणं धरलं. लहानपणी बोंबील वाळत घालताना आई हेच म्हणायची. आमच्या गावची बोट वादळात फुटली, त्यावर बायकांनीच रचलेलं. कडव्याकडव्याला एकेक खलाशी पोहत किनाऱ्याला लागतो आणि बायको त्याला ओवाळते.

शेवटचं कडवं गोविंदकाकांचं. इतकी वर्षं गातेय, पण आज पहिल्यांदा डोक्यात आलं, काका तर परत आलेच नव्हते!

शेजारी त्यांची बायको, आमची काकू, टाळ्या वाजवत गात होती. तिला हळूच विचारलं.

"दर्यानं नाय दिला," ती म्हणाली, "मंग आमी बायांनी गान्यात आनला. तू थांबू नको, गा."

मग मीही टाळ्या धरल्या आणि गायले.

तुमच्याकडच्या गाण्यांतून कोण घरी आलंय?