न सरकलेली रेघ

शाळा चौथीपर्यंतच झाली माझी. तरी फ्लेक्सवरचा मजकूर मीच सांगितला, कुणाला विचारलं न्हाई. "शनीच्या चंद्रावर नवीन वायू शोधल्याबद्दल गावच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन." वर नातीचा फोटो, खाली कोपऱ्यात फेटा बांधलेला माझा. बाळापूरला चहाच्या हॉटेलासमोर दोन बांबूंवर लावला आन् पेढेबी वाटले.

नात पुण्यात संशोधन करते. शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्रावर दाट हवा हाय. त्या हवेत कोणता वायू चिमूटभर हाय, ते ती दुर्बिणीत आलेल्या उजेडावरून हुडकते. फोनवर म्हणाली होती, "आबा, एक नवी रेघ दिसून राहिली. नवा वायू असंल असं वाटतंय." त्यातलं "वाटतंय" मी सोडून दिलं आन् फ्लेक्स छापायला हिंगोली गाठली.

पुढं काही महिन्यांनी ती सुट्टीत आली. एसटीतून उतरली, फ्लेक्स पाहिला आन् घरी येऊन पाणीबी न पिता म्हणाली, "तो काढा आबा. रेघ खोटी निघाली."

"न्हाई काढणार. गावात मी जबान दिलेली हाय. खोटी कशी, ते आधी दाखव."

"समजायला वेळ लागंल तुमाला."

"मला कुठं जायचं हाय?"

तिनं बाजेवर दोन लांब कागद पसरले. दोन्हीवर वरखाली जाणारी रेघ, मधेमधे खळगे. म्हणाली, उजेडाचा एक भाग डोळ्याला दिसत न्हाई, अंगाला ऊब म्हणून कळतो. यंत्र तो भाग उकलून पसरतं. एकेक वायू त्यातला आपला ठरलेला वाटा गिळतो, तिथं खळगा पडतो; त्यालाच ती रेघ म्हणते. खळग्याच्या जागेवरून वायू ओळखायचा.

"पण आबा, तो उजेड आपल्या हवेतूनच खाली येतो. आपली हवाबी गिळते."

"मग कुणी गिळलं, कसं कळणार?"

"आपली पृथ्वी कधी शनीकडं धावत असते, कधी त्याच्यापासून दूर. म्हणून तिकडच्या खळग्यांची जागा जराशी सरकते. आपल्या हवेचे खळगे जागचे हलत न्हाईत. तुमाला फोन केला तवा माझ्याकडं पहिलाच कागद होता. दुसरा चार महिन्यांनंतरचा हाय."

मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उन्हात धरले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. तीनदा कडा जुळवल्या. तिकडच्या खळग्यांना तिनं लाल खुणा केल्या होत्या. ते सगळे ज्वारीच्या दाण्याएवढे सरकलेले. तिचा नवा खळगा मात्र बराबर एकावर एक.

"पुण्यातल्या तुझ्या सरांना सांगितलं?"

"त्याच दिवशी. शोधाचा लेख छापायला पाठवायची तयारी झाली होती. मीच म्हणलं, थांबा."

"रागावले?"

"दोन दिवस बोलले न्हाईत."

मी वहाणा घातल्या. ती म्हणाली, "कुणाला तरी सांगू ना काढायला. तुमी कशाला जाता?"

"लावला मी."

हॉटेलवाला चाचा माझ्याच वयाचा. मला तार सोडताना पाहून म्हणाला, "काहून काढून राहिले? वाऱ्यानं फाटला का?"

बाकावरचा हमाल म्हणाला, "गॅस संपला असंल तिकडचा."

सगळे हसले. मी दोन्ही बांबू मोकळे केले, फ्लेक्स गुंडाळला आन् त्या हमालाच्या शेजारी जाऊन बसलो.

"नवा वायू न्हाई. आपलीच हवा होती ती. पोरीनं स्वतःची चूक स्वतः धरली. घाई केली ती मी."

"मग तुमचे पेढे वापस करावे लागतील का?"

"कर. पण आधी चूक कशी धरली ते ऐक."

चाचाकडून पेन आन् दोन कोरे कागद घेतले. खळगे काढले, कागद एकावर एक ठेवून उन्हात धरले. हमाल बघत होता, पण समजलं न्हाई म्हणाला. परत काढले. दुसरा चहा आला. चाचा गल्ल्यावरून उठून आला आन् वाकून म्हणाला, "ये वाला काहून न्हाई सरकला?"

"तेच सांगून राहिलो."

चाचाला लवकर समजलं. हमाल पोतं उचलायचं हाय म्हणून उठायला लागला. मी त्याचा हात धरून खाली बसवला. त्यानं कागद हातात घेऊन पहिल्यापासून सगळं मलाच परत समजावून सांगितलं, तवा सोडला.