हळदीकुंकवाला शहाळ्याचं सरबत: लालबागहून ठाकूरद्वार, दादर-परळ करत

"पन्हं काय, सगळ्यांकडेच असतं हो काकू. या वेळी मी शहाळं-लिंबाचं सरबत करून आणतो."

हे बोलून गेलो तेव्हा मी मुग्धाच्या घरी, ठाकूरद्वारच्या वाडीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. गेलं वर्षभर माझी मजल त्या खुर्चीपर्यंतच आहे. काकू म्हणजे मुग्धाची आई. मी बीएस्सी अर्धवट सोडल्यापासून "सध्या काय करतोस?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि त्यावर माझं डोकं सटकणं हेही ठरलेलं. पण त्या दिवशी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलणं चाललं होतं आणि मुग्धा समोर होती. काकू म्हणाल्या, "बरं, शुक्रवारी आण. नाही जमलं तर आधी सांग, मी पन्हं करून ठेवीन."

ते 'नाही जमलं तर' मला असं झोंबलं म्हणून सांगू! तिथल्या तिथे ठरवलं, हे सरबत त्या आयुष्यभर विसरता कामा नयेत.

शुक्रवारी सकाळीच लालबागहून दादरची बस पकडली. उन्हाळ्यात दादरच्या मंडईत जायचं तर ऊन चढायच्या आत जा. हिंदमाताची साड्यांची दुकानं अजून शटर खाली ओढून झोपलेली होती, आणि दादरला उतरलो तर फुलबाजारात पाय ठेवायला जागा नाही. झेंडूचे ढीग, मोगऱ्याच्या टोपल्या, त्यातून वाट काढत बायका आणि डोक्यावर हारे घेतलेले हमाल. मी जन्मापासून याच मुंबईत आहे, पण एखाद्यासाठी काहीतरी चांगलं शोधायला निघालं की हा बाजार वेगळाच दिसतो. लिंबं पातळ सालीची, पिवळी, बोटाने दाबली की किंचित दबणारी घ्या. हिरवीगार कडक घेतलीत तर रस निघणार नाही. पुदिनाही घ्या, पण नावापुरता. शहाळी घेताना "पतली मलई" म्हणून सांगा. जाड मलई वाटली तरी दाताखाली येते. भाव उन्हाळ्यात चढलेलेच असतात, फार घासाघीस करू नका. मी केली, भांडलो, आणि शेवटी त्याच भावात पोतं भरून घरी आलो.

आमचं घर मालवणी. आमच्याकडे नारळ म्हणजे वाटण. मी शहाळी फोडली, पाणी गाळून पातेल्यात काढलं, मलई चमच्याने खरवडली, मिक्सरला लावली, साखर, लिंबू, शेंदेलोण घालून ढवळलं. रंग काय सुंदर! आईला पहिला घोट दिला. ती थांबली, आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"ही तर सोलकढी झाली रे झिला! सोलां घालू काय?"

मिक्सरच्या त्याच भांड्यात तिने सकाळी लसूण घालून वाटण काढलं होतं. भांडं धुतलेलं होतं, पण आमच्या घरातल्या भांड्याला लसूण कायमचा राहायला आलेला आहे. आणि गौरीच्या नैवेद्यादिवशी मुग्धाच्या घरात लसूण नावालाही चालत नाही! माझं डोकं फिरलं. "आधी सांगता येत नाही का तुला?" म्हणून मी आईवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "माका इचारलंस कधी?" आणि खरोखरच त्यात कोकम घालून तिने दुपारच्या भाताची सोय केली.

फोन करून 'पन्हं करा' म्हणायचं? मेलो तरी नाही. पुन्हा दादरला जायला वेळ नव्हता, म्हणून परळकडे चालत सुटलो. प्रवाशांनो, ही खूण लक्षात ठेवा: परळला इस्पितळांच्या बाहेर शहाळेवाले दिवसभर बसलेले असतात आणि माल ताजा असतो.

"पेशंट को क्या हुआ है?" शहाळेवाल्याने विचारलं.

"पेशंट मैं ही हूँ."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिखता है. मलईवाला लो, ताकद आएगी."

आता प्रश्न मिक्सरचा. टॅक्सी गिरगावकडे निघाली आणि सगळी वाट मी एकच वाक्य घोकत होतो. वाडीत पोचलो, घामाने निथळत, दोन्ही हातांत शहाळी. दारात काकू.

"काकू, आमच्या मिक्सरला लसणाचा वास आहे. तुमच्याकडे करू का?"

काकूंनी घड्याळ पाहिलं, मग मला. "चप्पल बाहेर. हातपाय धू. आत ये."

आत! त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे एक माणूस वळला की दुसऱ्याने श्वास रोखायचा. तरी ओट्यावर कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फुलं कापून तयार. मी शहाळी फोडली. काकू बघत होत्या. लिंबू मिक्सरमध्ये घालायला गेलो तर म्हणाल्या, "शेवटी पिळ, वरून. नाहीतर कडवट होतं." दोन शहाळ्यांना एक लिंबू, साखर बेताने, शेंदेलोण चिमूटभर. त्यांनी स्वतःहून किंचित आल्याचा रस घातला. चव घेतली आणि तिथेच, मलईने हात बरबटलेले असताना, विचारलं, "कॉलेजला परत जाणार आहेस की नाही?"

"अजून ठरवलं नाही," मी म्हणालो. चिडलो नाही, कारण हात धुवायलाही त्यांना ओलांडून जावं लागलं असतं.

तेवढ्यात बायका आल्या, बाहेरची खोली भरली, आणि मी आत अडकलो. मुग्धा ट्रे घेऊन ये-जा करत होती, मी पेले भरत होतो. बाहेरून आवाज आला, "अय्या, काय छान झालंय! कोणी केलं गं?"

मी पेला भरायचा थांबलो.

"मुग्धाचा मित्र आहे, लालबागचा," काकू म्हणाल्या. "कॉलेज सोडलंय त्याने. पण हाताला चव आहे."

मुग्धा ट्रेसाठी आत आली. "चिडलास ना?" कुजबुजली.

"नाही गं."

"कान लाल झालेत तुझे."

निघताना काकूंनी डाळीचा डबा हातात दिला. "आईला दे. आणि सांग, अक्षय्यतृतीयेपर्यंत गौर आहे. एकदा हळदीकुंकवाला येऊन जा म्हणावं."

घरी आईला डबा दिला, निरोप सांगितला. काकू बाहेर काय म्हणाल्या तेही सांगितलं, कॉलेजचं आणि हाताच्या चवीचं, दोन्ही. तिने डाळ चाखली, चांगली आहे म्हणाली, आणि कपाट उघडून साड्या बघू लागली.

"मी पण येतो सोडायला," मी म्हणालो.

"बायकांचा काम ता. तू घरी बस."

म्हणजे त्या दोघी समोरासमोर बसणार, माझ्याबद्दल बोलणार, आणि पेले भरायलाही मी तिथे नसणार. शहाळी फोडणं, खरं सांगतो, त्याहून कितीतरी सोपं होतं.